मदरबोर्डवरचे व्होल्टेज आणि तापमानाचे आकडे कसे वाचायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉनिटरिंग सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की आकड्यांची लांबलचक यादी समोर येते आणि त्यातला एखादा तरी आकडा पोटात गोळा आणणारा असतो. या यादीबद्दल सतत येणारे प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकच उत्तर दोनदा लागतं तिथे आधीच्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे आकडे मोजतं कोण, सॉफ्टवेअर की मदरबोर्ड?

मोजते ती मदरबोर्डवरची एक चिप. सॉफ्टवेअर फक्त तिच्याकडून आकडे वाचून घेतं. या चिपला सुपर आयओ म्हणतात. डेस्कटॉप बोर्डांवर ती बहुधा नुवोटॉन किंवा आयटीई या कंपन्यांची असते, जुन्या बोर्डांवर विनबाँडची सापडते. पंख्यांचा वेग, बोर्डाचं तापमान आणि व्होल्टेज ही तिन्ही कामं तिच्याकडे असतात.

तिच्या आत ॲनालॉग सिग्नलचा आकडा करणारा कन्व्हर्टर असतो. त्याची झेप चिपनुसार जेमतेम २ ते ४ व्होल्टपर्यंत असते, त्यामुळे १२ किंवा ५ व्होल्ट त्याला थेट देता येत नाहीत. बोर्ड बनवणारा दोन रेझिस्टर जोडून व्होल्टेज विभागतो. चिपपर्यंत बारावा हिस्सा पोचत असेल तर चिपला १ व्होल्ट दिसतो आणि सॉफ्टवेअरने त्याला १२ ने गुणायचं असतं. हा गुणक चिपमध्ये कुठेही लिहिलेला नसतो आणि तो बोर्डागणिक बदलतो. पुढच्या अर्ध्याअधिक गोंधळाचं मूळ इथे आहे.

यादीतलं सगळंच सुपर आयओकडून येत नाही. प्रोसेसरच्या कोअरचं तापमान प्रोसेसरच्या आतून येतं, ग्राफिक्स कार्डाचं कार्डातून आणि एसएसडीचं तिच्या स्वतःच्या कंट्रोलरकडून.

२. कोणत्या रेलवर किती व्होल्ट असले म्हणजे ठीक?

रेल म्हणजे पीएसयूकडून, वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, येणारी ठरावीक व्होल्टेजची वाट. एटीएक्स या डेस्कटॉप पीएसयूंच्या मानकातल्या नेहमीच्या मर्यादा अशा:

- +१२ व्होल्ट: ११.४० ते १२.६०
- +५ व्होल्ट आणि ५ व्होल्ट स्टँडबाय: ४.७५ ते ५.२५
- +३.३ व्होल्ट: ३.१४ ते ३.४७
- −१२ व्होल्ट: −१०.८ ते −१३.२

या पट्ट्यात असताना ११.९ आणि १२.२ यांत चांगलं-वाईट काही नाही. बघायचं ते लोड, म्हणजे जड काम, आल्यावर आकडा किती हलतो हे. मशीन शांत असताना १२.१ आणि पूर्ण लोडवर ११.९५ हे नेहमीचं आहे. १२.१ वरून ११.५ वर येत असेल, तर तो मर्यादेत असला तरी आधी केबल आणि कनेक्टर तपासा: २४ पिनांचा मुख्य कनेक्टर पूर्ण बसला आहे का, प्रोसेसरच्या ८ पिनांच्या कनेक्टरची खिट्टी लागली आहे का, एखादी पिन काळवंडली आहे का. हे सगळं ठीक निघालं तर मग पीएसयूकडे वळा.

३. सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टच्या जागी ८.१ व्होल्ट दिसतंय. पीएसयू गेला का?

नाही. खरोखर ८ व्होल्ट असते तर तुम्ही हा आकडा वाचायला मशीन सुरूच राहिलं नसतं. पीएसयूला स्वतःची अंडरव्होल्टेज सुरक्षा असते, आणि हार्ड डिस्क व पंखे त्याआधीच कुरकुरले असते. सॉफ्टवेअरने या बोर्डासाठी चुकीचा गुणक धरला आहे (प्रश्न १), किंवा ज्या पिनला ते १२ व्होल्ट समजतंय तिथे दुसरंच काही जोडलेलं आहे.

घोळ होतो तो ११.१ किंवा ११.३ सारख्या आकड्यांनी, कारण ते खरेही असू शकतात. तीन गोष्टी तपासा. बायोसच्या (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगच्या प्रोग्रामच्या) हार्डवेअर मॉनिटर पानावर काय दिसतं ते पाहा. तिथला गुणक बोर्ड बनवणाऱ्यानेच भरलेला असतो, त्यामुळे त्यावर जास्त विसंबता येतं. मग लोड देऊन आकडा खाली सरकतो का ते पाहा. शेवटचा शब्द मल्टिमीटरचा (प्रश्न ४).

४. मल्टिमीटरने खात्री कशी करायची?

डीसी २० व्होल्टची रेंज लावा. लाल प्रोबची वायर मीटरच्या व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दोनदा पाहा. ती अँपिअरच्या भोकात राहिली तर प्रोब टेकवताच शॉर्ट होईल.

सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे मोकळा असलेला चार पिनांचा मोलेक्स कनेक्टर. मधल्या दोन पिना ग्राउंड, एका टोकाला १२ आणि दुसऱ्या टोकाला ५ व्होल्ट. जुन्या पीएसयूंत पिवळी वायर १२ ची, लाल ५ ची, केशरी ३.३ ची, जांभळी स्टँडबायची आणि काळी ग्राउंडची असते. हल्ली सगळ्याच केबल काळ्या येतात. तेव्हा दोन्ही टोकं मोजा, कोणतं कोणतं ते आकडाच सांगेल.

मोलेक्सवर पीएसयूच्या केबलच्या टोकाचं व्होल्टेज कळतं. बोर्डापर्यंत किती पोचतं ते पाहायचं असेल तर २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये मागून, वायरीच्या बाजूने प्रोब घाला. शेजारच्या दोन पिनांना प्रोब एकदम लागू देऊ नका. एक वाचन शांत असताना आणि एक लोडवर घ्या. साध्या मीटरची अचूकता अर्धा टक्का धरली तरी १२ व्होल्टवर चूक ०.०६ च्या आसपास राहते, आणि या कामाला तेवढं पुरतं.

पीएसयूचा डबा उघडून आत मोजू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरू शकतो.

५. मल्टिमीटर १२.०५ म्हणतो आणि सॉफ्टवेअर ११.४२. आता सॉफ्टवेअर दुरुस्त करता येईल का?

येईल. १२.०५ भागिले ११.४२ म्हणजे सुमारे १.०५५. एचडब्ल्यूइन्फो या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या सेन्सरच्या सेटिंगमध्ये गुणक आणि ऑफसेट (आकड्यात मिळवायची ठरावीक भर) हाताने भरता येतात, तिथे गुणक म्हणून हा आकडा टाका. व्होल्टेजसाठी गुणकच वापरा. चूक रेझिस्टरच्या प्रमाणातली असते, म्हणून ऑफसेट टाकून ती एका बिंदूवर जुळते आणि दुसरीकडे सुटते. लिनक्सचा मार्ग प्रश्न १८ मध्ये आहे.

६. १२ व्होल्टचा आकडा १२.०९६ आणि १२.१९२ याच दोन ठिकाणी उड्या मारतो. पीएसयू अस्थिर आहे का?

ही कन्व्हर्टरची पायरी आहे. नुवोटॉनच्या अनेक चिपा ८ मिलिव्होल्टच्या टप्प्याने मोजतात. १२ ने गुणलं की एक टप्पा ९६ मिलिव्होल्टचा होतो, त्यामुळे १२.०००, १२.०९६, १२.१९२ याच्या मधलं काही दिसूच शकत नाही. खरं व्होल्टेज दोन पायऱ्यांच्या सीमेवर असेल तर काही मिलिव्होल्टच्या हालचालीनेही आकडा इकडून तिकडे उडतो. ५ व्होल्टच्या रेलवर गुणक ५ असेल तर टप्पा ४० मिलिव्होल्टचा, म्हणून ५.०४० आणि ५.०८० दिसतात. दशांशानंतरचे तीन अंक पाहून अचूकतेचा भास होतो, तो मनावर घेऊ नका.

७. यादीत व्हीआयएन३, व्हीआयएन५ अशी नावं आहेत. ती कशाची?

चिपच्या ज्या पिनांना बोर्ड बनवणाऱ्याने काय जोडलं हे सॉफ्टवेअरला माहीत नाही, त्या पिना. तिथे मेमरीचं, चिपसेटचं व्होल्टेज असू शकतं किंवा काहीच नसू शकतं. ओळखायचं असेल तर बायोसमध्ये एखादं व्होल्टेज, समजा मेमरीचं, सुरक्षित मर्यादेत थोडं बदला आणि कोणता आकडा सोबत हलला ते पाहा. कुठलाच हलला नाही तर सोडून द्या.

८. −५ व्होल्टच्या जागी भलताच आकडा येतो.

ही रेल एटीएक्स पीएसयूंमधून २००३ च्या सुमारासच गेली. जुनं सॉफ्टवेअर रिकाम्या पिनचा आकडा दाखवतं. −१२ व्होल्ट मानकात उरली, पण बरेच बोर्ड ती मोजतच नाहीत.

९. व्हीआयडी आणि व्हीकोअर यांत फरक काय?

व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरने बोर्डाकडे केलेली मागणी. व्हीकोअर म्हणजे प्रत्यक्षात मिळालेलं व्होल्टेज. दोन्ही जुळलेच पाहिजेत असं नाही. तापमान किंवा ओव्हरक्लॉकच्या (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या) चर्चेत व्हीकोअर बघा. एएमडीच्या रायझन प्रोसेसरसाठी एचडब्ल्यूइन्फोमधला एसव्हीआय२ किंवा एसव्हीआय३ नावाचा आकडा बघा. तो व्होल्टेज पुरवणाऱ्या कंट्रोलरकडून येतो आणि सुपर आयओच्या आकड्यापेक्षा सहसा खऱ्याच्या जवळ असतो.

१०. काही चालू नसताना रायझनला १.४५ व्होल्ट जातात आणि लोड दिला की १.२५. उलटं नाही का?

उलटं वाटतं, पण बरोबर आहे. हलक्या कामात एकदोन कोअर काही क्षण सर्वोच्च वेगावर जातात आणि तेवढ्या वेगाला जास्त व्होल्टेज लागतं. त्या वेळी करंट कमी असतो, म्हणून उष्णता फार होत नाही. सगळे कोअर कामाला लागले की वेग उतरतो, व्होल्टेजही उतरतं.

यात मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचाही हात असतो. दर अर्ध्या सेकंदाला सगळे सेन्सर वाचायला ते झोपलेल्या कोअरना उठवतं आणि मग जागे कोअर मोजतं. वाचनाचं अंतर २ ते ५ सेकंद करा, चित्र बदललेलं दिसेल.

११. लोडवर इंटेलचा व्हीकोअरही १.३० वरून १.२२ वर येतो. लोड-लाइन कॅलिब्रेशन वाढवू का?

लोडवर होणारी घट भरून काढणारी ही बायोसमधली सेटिंग. पण ती घट मुद्दाम ठेवलेली असते. लोड अचानक सुटतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर वर उसळतं. आधीच थोडं खाली असेल तर ती उसळी मर्यादेत राहते. कॅलिब्रेशन सर्वांत वरच्या पायरीवर नेलं की आकडा सपाट आणि सुंदर दिसतो, पण उसळी वाढते, आणि सुपर आयओचा मंद सेन्सर ती पकडू शकत नाही. मशीन स्थिर असेल तर हात लावू नका. ओव्हरक्लॉकसाठी गरजच असेल तर मधल्या पायरीवर थांबा.

१२. व्हीबॅट ३.१ दाखवतं तरी घड्याळ मागे पडतं. असं कसं?

व्हीबॅट म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या बोर्डावरच्या बॅटरीचं व्होल्टेज. अनेक बोर्डांवर मशीन सुरू असताना ती रेल पीएसयूच्या स्टँडबाय व्होल्टेजवर चालते, तेव्हा दिसतो तो आकडा बॅटरीचा नसतोच. काही चिपा फक्त सुरू होतानाच एकदा बॅटरी मोजतात आणि नंतर तोच आकडा दाखवत राहतात. खरी परीक्षा अशी: मशीन बंद करा, पीएसयूचं मागचं बटण बंद करा, सीआर२०३२ सेल काढा आणि मीटरने मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या वर असतो. २.७ च्या खाली गेला असेल तर बदला.

सेल काढल्यावर बायोसची सेटिंग जाऊ शकतात. मेमरीचं एक्सएमपी (जास्त वेगाच्या तयार सेटिंगचं) प्रोफाइल आणि बूटचा क्रम आधी लिहून ठेवा. विंडोजवर बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय सेलला हात लावू नका.

१३. सीपीयू पॅकेज, कोअर, सीपीयूटीआयएन: प्रोसेसरचं खरं तापमान कोणतं?

सीपीयू पॅकेज. ते प्रोसेसरच्या आतल्या डिजिटल सेन्सरांतून येतं आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्याचे निर्णय याच सेन्सरांवरून घेतो. कोअरचे वेगवेगळे आकडे कूलर नीट बसला आहे का हे पाहायला उपयोगी पडतात: पूर्ण लोडवर एका बाजूचे कोअर बाकीच्यांपेक्षा १५ अंशांनी गरम असतील तर थर्मल पेस्ट किंवा स्क्रूचा दाब असमान असण्याची शक्यता आहे.

सीपीयूटीआयएन ही नुवोटॉन चिपची जुनी पिन. काही बोर्डांवर तिला सॉकेटजवळचा थर्मिस्टर (तापमानाने विरोध बदलणारा सेन्सर) जोडलेला असतो. तो मंद आणि पॅकेजपेक्षा थंड असतो. काही बोर्डांवर तिला काहीच जोडलेलं नसतं. पंख्यांचा वेग या पिनवर बांधलेला असेल तर लोड येऊनही पंखे सुस्त राहतील. बायोसमध्ये तो पॅकेज तापमानावर, म्हणजे तिथे पीईसीआय या नावाने दिसणाऱ्या आकड्यावर आणा.

१४. पॅकेज किती गरम झालं म्हणजे घाबरायचं?

कोणताही एक आकडा सगळ्यांना लागू नाही. प्रत्येक प्रोसेसरची टीजेमॅक्स नावाची मर्यादा असते. इंटेलच्या अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ती साधारण १०० अंश, रायझन ७००० मालिकेत ९५, त्यातल्या एक्स३डी प्रकारांत ८९. मर्यादेला पोचताच प्रोसेसर वेग आणि व्होल्टेज उतरवतो. तरीही तापमान वर गेलं तर मशीन तडक बंद होतं.

रायझन ७००० चे वरचे प्रोसेसर जड कामात ९५ पर्यंत जातात ते रचनेनुसारच. तेवढी उष्णतेची जागा ते वेगासाठी वापरून घेतात. पण नुसतं वेब ब्राउझर उघडं असताना ८५ दिसत असेल, तर कूलरचा पंप बंद पडला आहे, प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली आहे किंवा एक कोपरा सैल आहे. तुलना करताना खोलीचं तापमान वजा करायला विसरू नका. ४० अंशांच्या खोलीतले ७८ आणि २५ अंशांच्या खोलीतले ६३ एकच गोष्ट सांगतात.

बायोसमध्ये तापमान विंडोजपेक्षा जास्त दिसतं, कारण तिथे प्रोसेसर झोपेच्या अवस्थांत जात नाही.

१५. रायझन १८००एक्स आणि २७००एक्सवर दोन सॉफ्टवेअर १० ते २० अंशांनी वेगळं का दाखवतात?

पंख्यांच्या नियंत्रणासाठी एएमडीने काही मॉडेलांत खऱ्या तापमानात ठरावीक भर घातली होती: १७००एक्स आणि १८००एक्समध्ये २० अंश, २७००एक्समध्ये १०, पहिल्या पिढीच्या थ्रेडरिपर १९२०एक्स आणि १९५०एक्समध्ये २७. भर घातलेला आकडा टीसीटीएल, खरा टीडाय. जे सॉफ्टवेअर भर वजा करत नाही ते मशीन तापलंय असं सांगतं.

१६. प्रोसेसर खोलीपेक्षाही थंड दाखवतोय!

हवेच्या कूलरने ते अशक्य आहे, साध्या लिक्विड कूलरनेही. इंटेलचा डिजिटल सेन्सर अंश मोजत नाही, टीजेमॅक्सपासून आपण किती दूर आहोत ते मोजतो आणि सॉफ्टवेअर वजाबाकी करतं. मर्यादेजवळ तो नेमका असतो, कारण तिथेच त्याची गरज आहे. खाली ३० अंशांजवळ चूक वाढते. कोअर २ पिढीत तर टीजेमॅक्स किती हे प्रोसेसरला विचारायची सोयच नव्हती. सॉफ्टवेअर अंदाज धरायचं आणि तो चुकला की सगळं गणित त्याच फरकाने सरकायचं. एएमडीच्या एफएक्स मालिकेतही मशीन शांत असताना असे आकडे येत.

१७. एकच तापमान −१२८ किंवा १२७ दिसतंय, दुसरं २७.८ वर गोठलंय. कोणता भाग बिघडला?

कोणताच नाही. −१२८ किंवा १२७ म्हणजे आठ बिटांच्या मापाचं टोक. ऑक्सटीआयएन नावाच्या पिनेला सेन्सर जोडलेला नसला की असं होतं. सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा लपवा. एखाद्या पिनेला थर्मिस्टर असून सॉफ्टवेअर तो डायोड समजत असेल तर टोकाचे नाही, पण वेडेवाकडे आकडे येतात. ते ओळखायची खूण म्हणजे लोड देऊन अर्धा तास झाला तरी ते ढिम्म हलत नाहीत, नाहीतर उलट दिशेला जातात.

२७.८ ची गंमत वेगळी आहे. एसीपीआयमध्ये, म्हणजे बायोस ऑपरेटिंग सिस्टिमला माहिती देतो त्या मानकात, तापमान केल्विनच्या दशांशांत दिलं जातं. बायोस लिहिणाऱ्याने सेन्सर न वाचता ३०१ केल्विन असा पक्का आकडा ठोकून दिला की तो २७.८ अंश होतो. १६.८ दिसत असेल तर तिथे २९० केल्विन लिहिलेलं आहे.

१८. लिनक्सवर फक्त कोअरचं तापमान दिसतं, व्होल्टेज नाही.

कोअरटेम्प किंवा के१०टेम्प ड्रायव्हर आपोआप चढतो, सुपर आयओचा बऱ्याचदा नाही. एलएम-सेन्सर्स पॅकेजमधली सेन्सर्स-डिटेक्ट ही आज्ञा रूट म्हणून चालवा; ती चिप ओळखून एनसीटी६७७५ किंवा आयटी८७ ड्रायव्हर सुचवेल. चिप सापडूनही ड्रायव्हर चढत नसेल तर कर्नलच्या लॉगमध्ये एसीपीआयच्या संघर्षाचा संदेश शोधा: तेच पोर्ट बायोसने स्वतःकडे राखून ठेवलेले असतात. कर्नलला सवलतीचा पर्याय देऊन ते मोकळे करता येतात, पण मग बायोस आणि ड्रायव्हर एकाच चिपवर हात घालतात. प्रश्न २० मधला गोंधळ तिथेही होऊ शकतो.

ड्रायव्हर चढल्यावर व्होल्टेजचे आकडे बहुधा विभागलेलेच दिसतात, म्हणजे १२ च्या जागी १.०१. एलएम-सेन्सर्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लेबलच्या ओळीने नाव, कम्प्यूटच्या ओळीने गुणक आणि इग्नोरच्या ओळीने रिकाम्या पिना बाद करता येतात.

१९. व्हीआरएम ९० अंश आणि डीडीआर५ मेमरी ५५ अंश. चालेल?

चालेल. व्हीआरएम म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज उतरवून देणारा बोर्डावरचा भाग. त्यातले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) सहसा १२५ ते १५० अंशांपर्यंत टिकतील असे बनवलेले असतात. सतत १०० च्या वर राहत असेल तर त्यांच्या हीटसिंकवर हवा पोचवा. डीडीआर५ च्या प्रत्येक पट्टीवर तापमानाचा सेन्सर आणि व्होल्टेज नियंत्रक दोन्ही असतात. म्हणून मेमरीचं व्होल्टेज, साधारण १.१ आणि एक्सएमपीवर जास्त, सुपर आयओऐवजी पट्टीकडूनच वाचा. ओव्हरक्लॉक केलेली मेमरी ५०-५५ च्या पुढे चुका करू लागली तर व्होल्टेज वाढवण्याआधी पंखा लावून पाहा.

२०. किमान रकान्यात ० व्होल्ट, कमालमध्ये २५५ अंश. एकदाच आलं, पुन्हा नाही.

सुपर आयओकडून वाचताना आधी कोणतं रजिस्टर (चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा) हवं ते सांगावं लागतं, मग आकडा उचलावा लागतो. या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरं सॉफ्टवेअर घुसलं आणि त्याने रजिस्टर बदललं, की पहिल्याला भलताच आकडा मिळतो. चांगली सॉफ्टवेअर एकमेकांसाठी कुलूप लावून थांबतात. बोर्डासोबत येणारी दिव्यांची आणि पंख्यांची सॉफ्टवेअर बऱ्याचदा ते कुलूप जुमानत नाहीत. एका वेळी एकच मॉनिटर चालवा. मशीन झोपेतून उठतानाही असा एखादा आकडा येतो. किमान-कमाल रीसेट करा आणि पुन्हा आला तरच मागे लागा.

२१. सगळे आकडे व्यवस्थित आहेत, तरी गेम सुरू होताच मशीन बंद पडतं.

सेन्सर सेकंदाला एकदोनदाच वाचला जातो आणि ग्राफिक्स कार्डाची उसळी मिलिसेकंदांत येऊन जाते. तेवढ्यात पीएसयूची सुरक्षा चालू झाली तर कोणत्याही आकड्यात ती दिसणार नाही. रिपलचंही, म्हणजे डीसी व्होल्टेजवरच्या वेगवान चढउताराचंही, तसंच: मानकात १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ वर ५० ही मर्यादा आहे, पण ती ऑसिलोस्कोपशिवाय दिसत नाही. मल्टिमीटरही सरासरीच दाखवतो.

कार्डाच्या स्वतःच्या १२ व्होल्टच्या आकड्यावर मात्र नजर टाका. ६०० वॅट ओढणारं कार्ड ५० अँपिअर घेतं. केबल आणि पिनांचा एकूण विरोध नुसता ०.०१ ओम असला तरी अर्धा व्होल्ट तिथेच जातो. बोर्ड १२.१ आणि कार्ड ११.४ दाखवत असेल तर मशीन बंद करून कनेक्टर पूर्ण आत बसला आहे का, प्लास्टिक वितळलं आहे का ते पाहा.

मग लॉग फाइल चालू करून मशीन बंद पडू द्या आणि शेवटच्या ओळी वाचा. तापमान चढत मर्यादेपर्यंत गेलेलं असेल तर कारण उष्णता. सगळं शांत असताना लॉग तुटला असेल तर दुसरा, पुरेशा क्षमतेचा पीएसयू लावून तोच गेम चालवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला कर्नल-पॉवर ४१ पुरावा म्हणून धरू नका. मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच तो सांगतो, का ते नाही.